बिऱ्हाड हलताना काय बरोबर येते?

मे महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती, दुसरा चहा झाला होता, आणि आमचे चिरंजीव वहीचे एक पान घेऊन समोर येऊन बसले. वय वर्षे १९, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच आटोपलेली. पानावर दोन मागण्या होत्या. पहिली, नवा मोबाइल, अंदाजे ६० हजार रुपये. दुसरी, कॉलेजला एक वर्ष सुट्टी आणि रोज आठ तास सराव. खाली, कर्जाच्या अर्जावर लिहितात तसे कारणही दिले होते : 'बीजीएमआय'चा व्यावसायिक खेळाडू होण्यासाठी.

ज्यांच्या घरात हे नाव अजून पोहोचलेले नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी सांगतो. हा मोबाइलवर, इंटरनेटच्या आधारे खेळायचा खेळ. शंभरेक खेळाडू विमानातून हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात, ओस घरांतून बंदुका गोळा करतात, सुरक्षित जागेचे वर्तुळ आवळत जाते आणि शेवटपर्यंत जो संघ तगेल तो जिंकतो. दिसायला पोरखेळ, पण बंदुकीचा झटका बोटाने कसा आवरायचा, कोणत्या टेकडीवरून कोणता रस्ता दिसतो, साथीदाराला केव्हा हाक मारायची, याचा अभ्यास करणारी मुले तो अभ्यास चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेइतक्या गांभीर्याने करतात.

मी बँकेत आहे. निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत आणि त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात गेली. 'नामंजूर' हा शब्द जिभेवर आलाच होता. एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, आधी अर्ज तरी नीट वाचा. परक्यांचे वाचता की!" तेव्हा वाचला. आणि वाचता वाचता लक्षात आले, की हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. आज घरोघरी मुले या खेळांत कौशल्य मिळवण्यासाठी तासन्‌तास देत आहेत, आणि आपण आईबाप एक तर 'बंद कर ते' म्हणतो, नाही तर 'करू दे बापडा' म्हणून सोडून देतो. किती वेळ, किती पैसा आणि कशासाठी, हा हिशेब मांडायला कोणी बसत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

बँकेच्या नोकरीत बदल्या होतात. आम्ही सात बिऱ्हाडे केली. प्रत्येक भाड्याच्या घरात काही ना काही खटकायचे. कुठे ओटा बुटका, कुठे न्हाणीघराची फरशी उखडलेली. पण सौभाग्यवतींचा एक दंडक होता. जे बिऱ्हाड हलवताना ट्रकमध्ये चढेल त्यावर पैसे घालायचे. जे भिंतीत राहील त्यावर नाही. म्हणून आमच्याकडे लोखंडी कपाट चांगले आहे, पण आम्ही कोणाच्या घरात फरशी कधी घातली नाही.

ऑनलाइन खेळ हे भाड्याचे घर आहे. मालक कंपनी आहे. ती केव्हा नियम बदलेल, बंदुकीची ताकद कमी करेल, नकाशा काढून टाकेल, याचा नेम नाही. आमच्या चिरंजीवांना याचा अनुभव कोवळ्या वयात आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. तेव्हा हा १४ वर्षांचा. टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून दिलेल्या मोबाइलवर त्याने त्या खेळात बरेच नाव कमावले होते. दोन दिवस नीट जेवला नाही. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने भारतात परतला; जुलै २०२२ मध्ये सरकारच्या आदेशावरून पुन्हा ॲप स्टोअरवरून उतरला; मे २०२३ मध्ये परत आला. तीन वर्षांत दोनदा घर खाली करावे लागले, म्हणा ना.

तेव्हा त्याच्या अर्जावर मी पहिला प्रश्न लिहिला : उद्या हा खेळ बंद झाला, तर तुझ्याबरोबर काय येईल?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ज्याला आपण सरसकट 'गेममधले कौशल्य' म्हणतो ते एक नसून चार निरनिराळी खाती आहेत.

पहिले खाते आयडीचे. खेळातला दर्जा, पदव्या, रंगीत पोशाख. हे सर्वस्वी मालकाचे. बीजीएमआयमध्ये मोसम संपला की दर्जा खाली उतरतो आणि पुन्हा चढावा लागतो. आइसलँडमधल्या एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा अंतराळाचा खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात पात्राला एखादी विद्या शिकायला लावून तुम्ही झोपी गेलात तरी ते पात्र घड्याळाच्या गतीने शिकत राहते. २०१६ पासून तर ही शिकलेली विद्या बाजारात विकतही घेता येते. म्हणजे शिकते ते पात्र. खुर्चीतला माणूस आहे तिथेच. या खात्यात खरा पैसा घालणे म्हणजे घरमालकाच्या भिंतीला संगमरवर लावणे.

दुसरे खाते त्या खेळाच्या माहितीचे. नकाशा, शस्त्रे, युक्त्या. ही विद्या खरी, मेहनतीने मिळवलेली. पण तिची मुदत खेळाइतकीच.

तिसरे खाते डोळा, बोट आणि चपळाईचे. इथे 'गेम खेळल्याने बुद्धी तल्लख होते' असे मुले ऐकवतात. त्याला आधार अगदीच नाही असे नाही. २००३ मध्ये ग्रीन आणि बॅव्हेलिअर या संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहिले होते, की वेगवान व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळी अधिक गोष्टी टिपते. पण पुढे २०१८ मध्ये साला, तातलिदिल आणि गोबे यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा गेमच्या सरावाने सर्वसाधारण बुद्धी वाढते असे त्यांना आढळले नाही. याहून जुने उदाहरण बुद्धिबळाचे. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवले, की खऱ्या डावातला पट काही सेकंद पाहून उस्ताद खेळाडू तो जवळजवळ जसाच्या तसा मांडतो. पण सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्याची स्मरणशक्ती नवशिक्याहून फारशी सरस ठरत नाही. कौशल्य ज्या भांड्यात मुरते, त्याच भांड्यात बरेचसे राहते. बुद्धिबळाचे भांडे मात्र कोणाच्या मालकीचे नाही, आणि वजिराची आजची चाल पाचशे वर्षांपासून तीच आहे. म्हणून संगणकावर शिकलेले बुद्धिबळ गावच्या पारावरही चालते. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. उद्या बुद्धिबळाची सगळी संकेतस्थळे बंद पडली तरी तिची विद्या तिच्यापाशीच राहील. बीजीएमआयमधली बंदूक त्या खेळाबाहेर कुठे चालणार?

चौथे खाते सवयीचे. चूक झाली की ती शोधणे, चौघांत मिळून काम करणे, हरल्यावर डोके शांत ठेवणे. ट्रकमध्ये चढणारे सामान हेच. पण एक लक्षात ठेवावे : ते आपोआप तयार होत नाही.

हे लिहिताना मला माझी १९८६ सालची टायपिंगची शिकवणी आठवली. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरली होती. त्याच वेळी शॉर्टहँडच्या वळणदार रेघाही मी दीड वर्ष गिरवल्या. शॉर्टहँडचा नोकरीत एकदाही उपयोग झाला नाही. टाइपरायटरही गेला. पण बँकेत संगणक आले तेव्हा अक्षरे शोधत एका बोटाने टकटक करणाऱ्या सहकाऱ्यांत माझी दहाही बोटे धावत होती, कारण संगणकाच्या इंग्रजी कळा त्याच जागी होत्या. यंत्र भिंतीत राहिले. बोटे बरोबर आली. मात्र यातले काय टिकेल आणि काय जाईल, हे १९८६ मध्ये ना मला ठाऊक होते ना वडिलांना. म्हणून मुलाला 'तुझे सगळे वाया जाणार' असे छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

राहिला 'व्यावसायिक' हा शब्द. त्याची खिल्ली उडवण्यात अर्थ नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्‌स प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा तीर्थ मेहता या भारतीय तरुणाने कांस्यपदक मिळवले. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत तर हे खेळ रीतसर पदकांचे झाले. बीजीएमआयच्या पहिल्या अखिल भारतीय मालिकेची बक्षिसे १ कोटी रुपयांची होती. पण आता दुसरी बाजू. त्या मालिकेच्या अंतिम फेरीत संघ होते १६, म्हणजे मैदानात एका वेळी ६४ मुले. आणि जुलै २०२२ पर्यंत या खेळात नोंदणी झाली होती १० कोटींची. हे दोन आकडे मी चिरंजीवांच्या पानावर एकाखाली एक लिहिले आणि काही बोललो नाही. तोही बोलला नाही. कॉमर्सचा विद्यार्थी आहे.

पैसे लावून खेळण्याच्या खेळांविषयी मात्र आमच्या घरात चर्चाच नव्हती. त्याला कौशल्य म्हणा, नशीब म्हणा, आमच्या दारात प्रवेश नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्यातही पैशांचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्‌स यांत स्पष्ट रेघ ओढलेली आहे. एकाला बंदी, दुसऱ्याला मान्यता.

निर्णय मात्र या आकड्यांनी झाला नाही. तो सौभाग्यवतींच्या एका वाक्याने झाला. त्या म्हणाल्या, "तो किती तास खेळतो ते मोजू नका. हरल्यावर काय करतो ते आठ दिवस बघा."

बघितले. आठ दिवसांत जे दिसले ते आम्हा दोघांनाही नवीन होते. काही डाव हरल्यावर तो रेकॉर्डिंग मागे नेऊन बघायचा, कुठे चुकले ते साथीदारांना शांतपणे सांगायचा. पण रात्री अकरानंतर चित्र पालटायचे. हरला की दुसऱ्यावर ओरडणे आणि लगेच पुढचा डाव, तोही हरला की त्यापुढचा. पहिल्या दोन तासांत मुलगा शिकत होता. नंतरचे तास खेळ त्याला खेळवत होता. मी त्याला हे सांगितले तेव्हा वाटले, चिडेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं खरं आहे. अकरानंतर मी फक्त हरलेलं परत मिळवायला बसतो." कर्ज विभागात अशी माणसे मी अनेक पाहिली आहेत. बुडालेले वसूल करायला आणखी बुडवणारी.

मग आम्ही दोघांनी मिळून करार केला. वर्षाची सुट्टी नाही. रोज दोन तास, त्यातला अर्धा तास खेळायचे नाही, आपलेच जुने डाव बघायचे आणि वहीत चुका लिहायच्या. दहानंतर मोबाइल बैठकीच्या खोलीत. मोबाइलचे निम्मे पैसे मी देणार, निम्मे त्याने सुट्टीत काम करून आणायचे. खेळातले पोशाख-पदव्या विकत घ्यायला माझ्याकडून एक रुपयाही नाही. सहा महिन्यांनी वही उघडून पुन्हा बसायचे.

हिशेब एवढ्यावर मिटला असता, तर मीही समाधानाने पेन खाली ठेवले असते. पण एक गोष्ट या चार खात्यांत कुठेच बसत नाही, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. रत्नागिरीच्या बिऱ्हाडात सौभाग्यवतींनी आपला दंडक एकदाच मोडला होता. पुढच्या खोलीच्या कळकट भिंतीला त्यांनी स्वखर्चाने पिवळा रंग लावून घेतला. मी हटकले तर म्हणाल्या, "तीन वर्षं राहणार ना आपण इथे? मग रोज काय ह्या भिंतीकडे बघत बसायचं?" तो रंग ट्रकमध्ये चढला नाही. पण त्या तीन वर्षांच्या संध्याकाळी आजही आठवतात. मी स्वतः वीस वर्षे बँकेच्या संघातून कॅरम खेळलो. त्यातून एक पितळी कप आणि चार मित्र मिळाले, आणि मला तो सौदा कधी तोट्याचा वाटला नाही. खेळात थोडा खर्च आनंदासाठी करावाच. फक्त तो रंगाचा खर्च आहे, फरशीचा नव्हे, हे स्वतःशी कबूल करून करावा.

सहा महिने झाले तेव्हा आम्ही वही उघडली. त्याचा संघ एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत बाद झाला होता. त्या दिवसाच्या पानावर अकरा चुका लिहिल्या होत्या, त्यांतल्या सात स्वतःच्या. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राचा निकालही बरा लागला होता. फार चांगला नव्हे, बरा. मी विचारले, "मग? पुढे काय?"

"अजून सहा महिने," तो म्हणाला.

मी पानाखाली सही केली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज माफ केलेले नाही, वाढवलेलेही नाही. त्याच अटींवर नूतनीकरण केले आहे.