गदायुद्ध आणि समीक्षेची नजर

मराठी समीक्षा व्यक्तिरेखा शोधते ती संवादात आणि स्वगतात. द्वंद्व ही तिच्या लेखी निव्वळ घटना. 'मृत्युंजय'ने (१९६७) महाभारतातील पात्रांना आत्मनिवेदने दिली आणि वाचकांबरोबर समीक्षकही तेथेच रमले.

वस्तुतः शल्यपर्वातील गदायुद्ध हेच या समजुतीला पुरेसे उत्तर आहे. बळ भीमाचे अधिक, कौशल्य दुर्योधनाचे, असा निर्वाळा खुद्द कृष्ण देतो. बलरामाच्या या शिष्याने भीमाच्या लोहप्रतिमेवर तेरा वर्षे सराव केलेला आहे. समीक्षा ज्याला मत्सर म्हणून निकालात काढते, त्याची येथे साधना झालेली आहे. वार चुकवण्यासाठी दुर्योधन उंच उडी घेतो आणि नेमक्या त्या कौशल्याच्या क्षणी त्याच्या मांड्या उघड्या पडतात. भीमाची गदा प्रतिज्ञेने बांधलेली. तिला नियम मोडावाच लागतो. हे न वाचता दिलेला नैतिक निवाडा, कोणाच्याही बाजूचा असो, संहितेबाहेरचाच.

मासाशी किशिमोतोच्या 'नारुतो'कडे (१९९९-२०१४) तर पोरखेळ म्हणूनच पाहिले जाते. सासुकेची 'चिदोरी' म्हणजे सरळ रेषेत भोसकणारी वीज. नारुतोचे 'रासेनगान' तळहातावर गरगरते. सुरुवातीला ते एकट्याने साधत नाही, म्हणून तो स्वतःचीच प्रतिकृती मदतीला उभी करतो. अनाथ पोराने निर्माण केलेली ही सोबत भायखळ्याच्या चाळीतल्या शाळकरी मुलालाही न सांगता कळते. तोच मुलगा पुढे एम.ए.च्या वर्गात आला, की प्राध्यापक त्याला प्रथम संवाद अधोरेखित करायला लावतात.