काळ्या कातडीचा विटाळ कुणाला?

ओझरच्या विघ्नहरापुढे नारळ फोडून भाविक लेण्याद्रीची वाट धरतो. शेकडो पायऱ्या चढून ज्या गिरिजात्मजापुढे तो माथा टेकतो, त्याचे देऊळ म्हणजे बौद्ध भिक्खूंचा कोरीव विहार! जुन्नरच्याच डोंगरात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, पाण्याच्या दोन पोढ्या (टाकी) दान दिल्याचा शिलालेख आहे. ज्या कातळाने परक्याचे दान आणि दुसऱ्याचा देव पोटात घेतला, त्याच्याच पायथ्याशी आम्ही कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरवतो. धिक्कार असो!

सतराव्या शतकाच्या आरंभी याच जुन्नरात निजामशाहीची राजधानी कुणी थाटली? हबसाणातून, म्हणजे अबिसिनियातून, गुलाम म्हणून विकत आणलेल्या मलिक अंबरने! जमिनीची प्रत पाहून त्याने धारा बसवला. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मुघल बादशहा जहांगीराने अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्र काढवून घेतले. पण ते मुंडके बादशहाला चित्रातच मिळाले. १६२६ मध्ये डोळे मिटेपर्यंत कारभार अंबरच्याच हाती होता. आणि आम्ही? ‘हबशी’ या शब्दाची शिवी केली!

हबशांचे वंशज सिद्दी आज कसे राहतात, ते कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात जाऊन पाहा. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. जमात मात्र एकच. धर्म तीन म्हणून त्यांनी चुली-नाती तोडली नाहीत. याच एकीच्या बळावर झगडून २००३ मध्ये त्यांनी अनुसूचित जमातीचा हक्क पदरात पाडून घेतला. तिकडे गुजरातेत जांबूरच्या हीरबाई लोबी यांनी सिद्दी बायांना एकत्र केले, खत तयार करून विकायला लावले, हाती पैसा दिला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुणाच्या दयेची वाट न पाहता ही माणसे उभी राहिली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. दीडशे वर्षे उलटली, तरी आमच्या लग्नाच्या बायोडेटात ‘मुलगी गोरी हवी’ हेच! पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन पोराला खोली नाकारताना आमची जीभ अडखळत नाही. सहिष्णुता म्हणजे वरच्याने खालच्याला घातलेली भीक नव्हे. बरोबरीच्या माणसाचे ते देणे आहे, आणि ते आम्ही थकवले आहे.

जुन्नरकरांनो, आंबेगावकरांनो, अंबरचे नाव पोरांना शाळेत अभिमानाने सांगा. आणि आज घरी गेल्यावर त्या बायोडेटातला ‘गोरी’ हा शब्द आपल्या हाताने खोडा.