मनाच्या रोग्याने जावे कोठे?

पाय मोडला तर हाड बसविणारा गाठावा, डोळ्यास दिसेनासे झाले तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जावे, एवढे आमच्या खेड्यातील प्रत्येक माणसास कळते. पण घरच्या कर्त्या मुलास रात्रंदिवस कोणीतरी कानात बोलत आहे असे भासू लागले, अथवा चांगली राबती सून एक महिना झोपेवाचून धावू लागली व दुसरा महिना अंथरुणातून उठेना, तर त्या घराने कोणाचे दार ठोठवावे? ह्याचे उत्तर तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. मग लोक देवऋषाकडे जातात. त्यांना हसणारे शहाणे पुष्कळ आहेत. परंतु देवऋषी हाकेच्या अंतरावर सापडतो, घरच्या बोलीत बोलतो व अर्धा तास ऐकून घेतो, हे त्या शहाण्यांनी ध्यानात घ्यावे. तो कोंबडे-नारळ उपटतो आणि रोग मात्र वाढत जातो, हेही तितकेच खरे. ता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्यास आणलेले २८ मनोरुग्ण साखळदंडात बांधलेल्या स्थितीत आगीत जळून मेले. जेथे उपचार पोहोचत नाही, तेथे साखळी पोहोचते!

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मनोविकारांच्या शंभर रोग्यांपैकी सत्तरांहून अधिकांना उपचार मिळत नाही असे आढळले. हे झाले दारापर्यंत न पोहोचलेल्यांचे. जे पोहोचतात त्यांची तरी काय दशा आहे? सिव्हिल हॉस्पिटलात रांग मोठी आणि डॉक्टर एक. तो चार प्रश्न विचारून गोळ्या लिहून देतो. गोळी अवश्य पाहिजे. ती आपल्या मनाने कोणी बंद करू नये, हे आम्ही बजावून सांगतो. पण गोळीने कानातले आवाज शांत झाले, तरी पुन्हा कामावर कसे उभे राहावे, दुखणे उलटण्याच्या खुणा कशा ओळखाव्या, घरच्यांनी रोग्याशी कसे बोलावे, हे गोळी सांगत नाही. त्यासाठी शिकलेला माणूस समोर बसून बोलावा लागतो.

असे लोक बहुधा मोठ्या शहरांत. त्यांची एका तासाची फी म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची मजुरी. त्यांचे निम्मे बोलणे इंग्रजीत. एवढे करून रोग्याने स्किझोफ्रेनियाचे नाव काढले, की त्यांतील कित्येक म्हणतात, “ही केस आमची नव्हे, डॉक्टरकडे जा.” डॉक्टर म्हणतो, “गोळ्या चालू ठेवा, पुढच्या महिन्यात या.” म्हणजे ज्याचे दुखणे हलके त्यास ऐकणारा मिळतो आणि ज्याचे दुखणे भारी त्यास नुसती गोळी! हा कोठला न्याय?

भारी दुखण्यात बोलण्याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. इंग्लंडातील नाइस ही सरकारी संस्था अशा प्रत्येक रोग्यास औषधाबरोबर बोलण्याचा उपचार द्यावा व कुटुंबासही त्यात घ्यावे असे सांगते. इतके दूर तरी कशाला जावे? आमच्या साताऱ्यात, तसेच गोव्यात व तामिळनाडूत, स्किझोफ्रेनियाच्या २८२ रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींच्या घरी डॉक्टरच्या उपचाराबरोबर शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते जात असत. नुसता दवाखान्याचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा ह्यांची प्रकृती अधिक सुधारली, असे २०१४ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. फरक थोडा होता, पण खरा होता. तेव्हा गावचीच मुले-मुली हे काम शिकू शकतात. सरकारने त्यांना शिकवावे, पगार द्यावा व त्यांच्यावर जाणत्या तज्ज्ञाची देखरेख ठेवावी, अशी आमची मागणी आहे.

ही भीक नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ सांगते की, प्रत्येक जिल्ह्यात सरकारी सोय असलीच पाहिजे व रोग्यास लांबचा प्रवास पडता कामा नये. अक्कलकुव्याच्या आईने मुलास घेऊन ठाण्याचे मनोरुग्णालय गाठावे, हे ह्या कायद्यात बसत नाही. दारिद्र्यरेषेखालील रोग्यास, कार्ड असो वा नसो, उपचार फुकट आहे. जिल्ह्यात सरकारची किमान सोय नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावयाचा आहे. सेवेत उणीव असेल तर कलम २८ प्रमाणे तक्रार करता येते.

कायदा कागदावर निजला आहे. त्यास जागे करणे आपल्या हाती आहे. तूर्त ज्यांच्या घरी आग लागली आहे त्यांनी १४४१६ ह्या सरकारी नंबरावर रात्री-अपरात्रीही फोन करावा; तेथे मराठीत बोलता येते. पण फोनवर थांबू नये. प्रत्येक गावातील अशा घरांनी एकत्र येऊन सिव्हिल सर्जनास लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, व आमच्या जिल्ह्यात बोलून उपचार करणारा कोण आहे, तो कोणत्या वारी बसतो, असे रोखठोक विचारावे. दुखणे लपविल्याने अब्रू राहत नाही. रोगी मात्र जातो.