डायपरवाल्यांना नो एन्ट्री!

मायामीहून क्रूझवर निघालाय आणि सोबत दीड वर्षाचं पिल्लू आहे? मग त्याचा नवाकोरा स्विमसूट कदाचित बॅगेतच राहील. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या बड्या क्रूझवर 'सीडीसी'चे स्वच्छतेचे नियम चालतात. डायपरमधल्या बाळांना मेन पूल बंद. स्विम डायपर असला तरी! माझी एक मैत्रीण जाम वैतागली, "मग एवढे पैसे भरायचे कशाला?" मला मात्र नियम पटतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरिनच्या पाण्यातही 7 दिवसांहून जास्त तग धरतो, आणि स्विम डायपर त्याला अडवत नाही. भर समुद्रात अख्ख्या जहाजाला जुलाब? नको रे बाबा! काही जहाजांवर चिमुकल्यांसाठी वेगळा स्प्लॅश झोन असतो. बुकिंगआधीच विचारा. लाइफगार्डचंही विचारा, तो सगळ्याच जहाजांवर नसतो.