सुकाणूची खटखट

आमच्या गडमुडशिंगीला समुद्र नाहीं. तो पहावयाचा तर घांट उतरून कोंकणांत जावें लागतें. तरीहि शिडाच्या नौकेच्या सुकाणूविषयीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे, ह्याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु कारण घरांतलेंच आहे. परवां रात्रीं पंगत बसली असतां नौदलाच्या 'तारिणी'ची गोष्ट निघाली, आणि आमच्या काकांनीं विचारलें, "पृथ्वीप्रदक्षिणा करणारी नौका, तिला अडविलें कशानें?"

लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी ह्यांच्या नेतृत्वाखालीं सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजीं प्रदक्षिणा पुरी करून परतल्या. नौकाहि गोव्यांतच बांधलेली. केप हॉर्नला वळसा घालून झाला, केप टाऊन मागें पडलें, आणि घर जवळ आलें असतां सुकाणू फिरविणाऱ्या यंत्रणेंत बिघाड झाला. मॉरिशसला ठरल्यावांचून थांबावें लागलें.

ह्या यंत्रणेंतील लहानसा पण महत्त्वाचा भाग म्हणजे बुश. गुऱ्हाळाचा चरक ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस तो सांगावयास नको. सुकाणूचा दांडा नौकेच्या तळांतून वर येतो व वरखालीं दोन बुशांत फिरतो. बुश गनमेटलचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. खारें पाणी, वाळू आणि लाटांचे धक्के ह्यांनीं ते झिजतात. बुशापाशीं केसाएवढी फट पडली, तरी सुकाणूच्या टोकाशीं ती कितीतरी वाढते. प्रथम खटखट, मग थरथर, पुढें पाण्याची झिरप! नायलॉनचा बुश उलट पाणी पिऊन फुगतो व सुकाणू जड चालतें.

परीक्षा सोपी आहे. नौका कांठावर घेऊन सुकाणूचें खालचें टोक दोन्ही हातांनीं हलवावें. बुशांत दांडा डगमगला, तर बुश बदलावा. त्यासाठीं सुकाणू खालीं उतरावें लागतें. म्हणून नौका उंच उचलतात किंवा खालीं खड्डा खणतात. सुकाणूस भक्कम आधार दिल्यावांचून वरची पकड सोडूं नये. दांडा चार ठिकाणीं मोजावा. त्यालाच खांच पडली असेल, तर नवा बुशहि व्यर्थ. प्लॅस्टिकचा बुश ठोकून बसवूं नये. बर्फांत ठेवल्यास तो आकसतो व अलगद बसतो. मात्र पुढें फुगण्यापुरती जागा राखावी.

बंदरांत हें काम थोडक्या दिवसांचें. भरसमुद्रांत मात्र सुकाणू गेलें कीं प्राणांशींच गांठ. खटखट ऐकूं आली, तीच दुरुस्तीची वेळ.

हें ऐकून काका क्षणभर गप्प राहिले. आमच्या विहिरीवरचा पंप दोन महिने खडखडत होता, आणि काकूंनीं तसें दोनदां सांगितलेंहि होतें. त्यांचें म्हणणें कोणीं मनावर घेतलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं काका स्वतःच मिस्त्रीला घेऊन आले. झिजलेला बुश हातांत घेऊन ते काकूंना एवढेंच म्हणाले, "तुम्हांला आधीं ऐकूं आलें होतें."