चांदवडला सापडलेली गाडी

डिसेंबर 2017. मालेगावच्या पंपावर डिझेल भरून पैसे न देता निघालेली एक गाडी पोलिसांनी चांदवडच्या टोलनाक्याजवळ अडवली. आत रायफली, रिव्हॉल्व्हर आणि चार हजारांहून अधिक काडतुसे निघाली. सगळा माल उत्तर प्रदेशातल्या बांदा येथील परवानाधारक शस्त्रदुकानातून चोरलेला. डिझेलचे पैसे चुकते केले असते तर? हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

परवाना देताना आपली यंत्रणा माणसाला चाळणीतून गाळते: चारित्र्य पडताळणी, पोलीस अहवाल, फेऱ्यांवर फेऱ्या. दुकानाच्या भिंतीची, छताची चौकशी तितक्या हौसेने होते का? शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे. या कायद्यानुसार परवानाधारक आपले हत्यार दुकानदाराकडेही जमा ठेवू शकतो, म्हणजे कपाटात लोकांची हत्यारेही असतात.

अमेरिकेतही चित्र फार वेगळे नाही. चोरी लक्षात आल्यापासून 48 तासांत कळवणे तिथल्या विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पण दुकान रात्री कसे बंद करावे, याबद्दल केंद्रीय कायदा जवळपास गप्प आहे. इलिनॉयसारख्या राज्याने 2019 मध्ये कॅमेरे आणि सुरक्षित साठवणूक सक्तीची केली.

उपाय महागडे नाहीत. रात्री दर्शनी काचेमागे एकही बंदूक नको, सगळी तिजोरीत. काडतुसे वेगळ्या कुलपात. कॅमेऱ्याचे चित्रण दुकानाबाहेर साठवलेले. आणि नोंदवहीशी साठ्याचा मेळ रोजच्या रोज. सराफ हे सगळे कुणी न सांगता करतो.