नाण्याची कड

कैसरास कर द्यावा किंवा नाहीं, असा प्रश्न प्रभु येशूस विचारण्यांत आला, तेव्हां त्यानें एक नाणें मागून घेतलें आणि त्यावरचें चित्र व अक्षरें कोणाचीं, असें उलट विचारलें, ही कथा आमच्या वाचकांस परिचित आहेच. तें रोमी नाणें हातोड्यानें ठोकून पाडलेलें होतें. त्या जातीच्या नाण्यांस दोन्ही अंगांनीं छाप असे. कड मात्र कोरी राही. कड कोरी राहिली म्हणजे लबाडाचें फावतें. चांदीच्या नाण्याची कड हळूच कातरावी, कीस गांठीं बांधावा आणि नाणें पूर्ण किंमतीस पुढें सारावें, हा धंदा जगांत शतकानुशतकें चालला.

त्यावर उपाय म्हणून नाण्याच्या कडेवर अक्षरें उमटविण्याची युक्ति निघाली. इंग्लंडांत इ. स. १६६२ पासून यंत्रानें पाडलेल्या क्राऊन नांवाच्या मोठ्या नाण्याच्या कडेवर ‘भूषण आणि रक्षण’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आले. पातळ नाण्यांवर अक्षरांस जागा नसे, म्हणून त्यांस दाते पाडीत. जुनीं हातघडणीचीं नाणीं तर इतकीं कातरलीं गेलीं होतीं कीं, १६९६ मध्यें तीं परत घेऊन नवीं पाडणें भाग पडलें. त्याच वर्षीं सुप्रसिद्ध न्यूटन हा लंडनच्या टाकसाळींत अधिकारी म्हणून रुजू झाला.

आपल्या मुलखांत शिवराई, अंकुशी, चांदवडी हीं नाणीं हातानेंच पाडलीं जात. ठसा मोठा व चकती लहान, यामुळें शिवराईवरील ‘छत्रपति’ या शब्दाचें एखादें अक्षर पुष्कळदां कडेबाहेरच राहून जाई. सराफ नाणें वाजवून, तोलून घेई व बट्टा कापी. पुढें यंत्राचा दातेरी रुपया आला. इ. स. १९४० मध्यें रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली गेली, तेव्हां बनावट नाणें पाडणारास कड सहजीं साधूं नये म्हणून दात्यांच्या मधोमध एक खांच घालण्यांत आली.

आपल्या मुंबईच्या टाकसाळींतहि कडेवर अक्षरें असलेलें एक नाणें पाडलें गेलें आहे. तें म्हणजे ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा रुप्याचा थेलर. अबिसीनिया व अरबस्थान येथील लोक याच नाण्यावर विश्वास ठेवीत. म्हणून दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४० व १९४१ मध्यें, ब्रिटिशांनीं तें मुंबईस पाडविलें. छापावर साल मात्र तिच्या मृत्यूचें, म्हणजे १७८० चेंच आणि कडेवर तिचें लॅटिन ब्रीद. त्याचा अर्थ, न्याय आणि दया.

संग्राहकास अशा नाण्यांची गोडी लागावी हें योग्यच आहे. परंतु त्या गोडीचा हव्यास कसा होतो पाहा. अमेरिकेंत २००७ मध्यें डॉलरच्या कांहीं नाण्यांवर कडेचा लेख उमटावयाचा राहून गेला, तर लोकांनीं तींच सदोष नाणीं चढ्या किंमतीनें घेतलीं. हें मी दूर देशचें म्हणून सांगत नाहीं. गतवर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें एक राणीछाप रुपया आणला. शेजारच्या वाडींतील एका म्हातारीकडून वीस रुपयांस मिळाला, असें तो मोठ्या आनंदानें म्हणाला. मींहि त्याची पाठ थोपटली. मग कड पाहूं लागलों, तों एके ठिकाणीं दाते वितळून सपाट झालेले दिसले. तेथें डाख होता. रुपया माळेंतला होता.

इ. स. १९२१ मध्यें ज्याविरुद्ध सेनापति बापट प्रभृतींनीं सत्याग्रह केला, त्या धरणाखालीं या मुळशी खोऱ्यांतील जमिनी गेल्या. येथील कित्येक घरांत वडिलार्जित म्हणून दाखवावयास एखाददुसरा राणीछाप रुपयाच उरला आहे. त्याचें वजन एक तोळा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. आजच्या भावानें नुसती चांदीच वीस रुपयांच्या कितीतरी पट भरेल. म्हातारीनें राजीखुषीनें दिला, मग अन्याय कोठें, असें कोणी म्हणेल. माझें उत्तर असें कीं, घेणारास किंमत ठाऊक आहे आणि देणारास नाहीं, तेथें राजीखुषीचा सौदा होत नाहीं. पूर्वी लबाड माणूस नाण्याची कड कातरीत असे. आम्ही नाणें अखंड ठेवून माणसाची कड कातरतों, एवढाच भेद!

म्हणून विद्यार्थिमित्रांस माझें सांगणें आहे कीं, छंद अवश्य करा, पण नाणें घेण्याआधीं तें पाहण्यास शिका. घरोघर जाऊन कड पाहा, कागदावर पेन्सिलीनें छाप उतरून घ्या, वजन करा, तें कोणाचें व घरांत कसें आलें तें विचारून वहींत लिहा, आणि नाणें ज्याचें त्यास परत द्या. ज्यास विकावयाचेंच असेल त्यास आधीं खरा भाव सांगा. अशा संग्रहास वही पुरते. कपाट लागत नाहीं.

तो रुपया घेऊन विद्यार्थी व मी त्या वाडींत गेलों. म्हातारीनें तो हातावर घेतला, उलटापालटा केला आणि घाबरून विचारलें, “का वो गुरुजी, खोटा निघाला व्हय?”

“नाहीं आजी,” मीं म्हटलें, “रुपया खरा आहे. आमचा सौदा खोटा होता.”

तिनें वीस रुपये परत देऊं केले, ते आम्हीं घेतले नाहींत. विद्यार्थ्यानें मात्र परत येतांना त्या रुपयाच्या दोन्ही अंगांचे व कडेचे छाप आपल्या वहींत उतरून आणले. आमच्या शाळेच्या संग्रहांतील पहिलें पान तेंच आहे.